अक्कल आलेला सर्वेश

सर्वेश घाडीला एकविसाव्या वर्षी अक्कल आली, आणि ती कोणाला तरी दिल्याशिवाय त्याला चैन पडेना.

तो अंधेरीच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.कॉम.ला होता. राहायला जोगेश्वरी पूर्वेच्या चाळीत. कॉलेजला जाता-येता तो मनातल्या मनात एका मुलाशी बोलायचा. त्या मुलाचं नावही सर्वेश घाडी, वय सोळा, दहावी नुकतीच पास. "अरे बावळटा," मोठा सर्वेश छोट्याला म्हणायचा, "एक्क्याण्णव टक्के पडले म्हणून सायन्स घेतोस? सांगितलं कोणी तुला? नाक्यावरच्या बॅनरने?"

बॅनर खरंच लागला होता. चाळीच्या मंडळाने लावला होता. 'आमच्या विभागाची शान' असं वर लिहिलेलं, त्याखाली तीन भावी नगरसेवक, आणि त्यांच्या पायाशी शाळेच्या ओळखपत्रावरचा, डोळे अर्धे मिटलेला सर्वेश. ती शान मग सायन्सला गेली, दोन वर्षांत तिची पार वाट लागली, आणि बारावीला एक्कावन्न टक्के घेऊन शान कॉमर्सच्या रांगेत उभी राहिली. तोवर बॅनर कोणाच्या तरी पत्र्यावर गळती अडवायला गेला होता. "आमच्यातला एक तरी कामाला आला," असं सर्वेश कट्ट्यावर सांगायचा. मित्र हसायचे. तोही हसायचा.

पण दोन वर्षं वाया गेली ती कशामुळे, हे त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. सायन्समुळे. बॅनरमुळे. 'एवढे मार्क पडले तर सायन्सच' म्हणणाऱ्या सगळ्या काका-मामांमुळे. त्या सोळा वर्षांच्या पोराला वेळेवर कोणीतरी खरं सांगायला हवं होतं. आता ते सांगणारा तयार होता, फक्त ऐकणारा पाच वर्षं मागे राहिला होता.

म्हणून घाटकोपरहून काकीचा फोन आला तेव्हा त्याला ती संधीच वाटली.

"सर्वेश, रविवारी येशील का रे? अक्षताचं अकरावीचं घरात रोज भांडण चाललंय. सायन्स की कॉमर्स. तुझे काका एक बोलतात, ती एक बोलते. दोघं धड जेवत नाहीत. तू यातून गेलायस, तू समजाव."

"येतो ना काकी. काळजीच करू नका."

कोण काय बोलतं, हे त्याने विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात? अक्षताला अठ्ठ्याऐंशी टक्के होते. बाप सायन्स म्हणत असणार, पोरगी नको म्हणत असणार. त्याने रविवारपर्यंत भाषण घोटून घोटून पाठ केलं.

राजारामकाकांचं घर घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर, पायऱ्या चढून चढून दम लागेल अशा ठिकाणी. सर्वेश धापा टाकत पोचला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अक्षता बसली होती. डोळे सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले. हाच तो चेहरा, सर्वेशला वाटलं. हा मीच.

चहाचा कप अर्धा झाला आणि त्याने सुरुवात केली. "काका, रागावू नका, पण आज मी बोलणार. मार्क चांगले पडले म्हणून सायन्स, हे खूळ आपल्या घरातनं गेलं पाहिजे. माझं काय झालं बघितलंत ना? मराठी शाळेतनं एकदम तिकडे जाऊन पडलो. डोक्यावरनं विमानं गेल्यासारखे लेक्चर जायचे. दोन वर्षं मी झोपलो नाही धड. आणि हाती आलं काय? एक्कावन्न! कॉमर्सवाले काय मरतात का? मी बघा कसा मजेत आहे."

राजारामकाका ऐकता ऐकता पुढे सरकले. कॉमर्सच्या उल्लेखाला त्यांनी मांडीवर थाप मारली. मग खिशातून मोबाइल काढला.

"थांब थांब. पयल्यापासून बोल परत. रेकॉर्ड करतंय."

हे सर्वेशला अपेक्षित नव्हतं, पण सुखद होतं. सुधारलेला बाप इतक्या लवकर बघायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो पुन्हा पहिल्यापासून बोलला, या वेळी जास्त हातवारे करून, आणि 'मुलांचं बालपण करपतंय हो' असं एक वाक्य नवीन घालून. काकीने डोळ्यांना पदर लावला. अक्षता उठली, रिकामी कळशी उचलली आणि दारातून ताडताड बाहेर गेली.

"भारावली," सर्वेश म्हणाला, आणि तिच्यामागे गेला.

ती पायऱ्यांवर उभी होती. कळशी बाजूला आपटलेली.

"अक्षू, थँक्यू वगैरे नको हं. भाऊ आहे मी तुझा."

"थँक्यू?" ती गर्रकन वळली. "दादा, तुला वेड लागलंय का? मला सायन्स *हवंय*!"

सर्वेशने मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

"बाबाच नको बोलतायत! दोन आठवडे डोकं फोडतेय त्यांच्याशी. आई बोलली, सर्वेशला बोलावते, तो सायन्सला होता, तो तुझ्या बाजूने बोलेल. आणि तू येऊन... रेकॉर्डिंग काय देतोस! परत पहिल्यापासून काय बोलतोस!"

"पण तुझा चेहरा..."

"मग काय, रडून रडून सुजणारच ना चेहरा!"

"पण तुला सायन्स कशाला हवंय?" सर्वेशने विचारलं. हा प्रश्न त्याने निदान अर्धा तास आधी विचारायला हवा होता, हे त्यालाही विचारता विचारता कळलं.

अक्षताने पायऱ्यांच्या कडेला वर बोट दाखवलं. वरच्या घरांखाली डोंगराची लाल माती दिसत होती, ती अडवायला महापालिकेने बांधलेली दगडी भिंत, आणि भिंतीला तिरकी भेग. "ती गेल्या वर्षी नव्हती," ती म्हणाली. "दर वर्षी नोटीस येते, दरड पडेल, घरं खाली करा. माणसं येतात, बघतात, जातात. माती कुठून सुटते, कधी सुटते, हे शिकता येतं दादा. त्याचं कॉलेज असतं. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं मला. पण अकरावीला सायन्स लागतं."

सर्वेश भिंतीकडे बघत राहिला. सोळाव्या वर्षी त्याला काय व्हायचं होतं हे त्याने आठवून पाहिलं. बॅनरवर जायचं होतं. त्यापुढचं काही ठरलं नव्हतं.

"एक सांग," अक्षता म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "तू फेल का झालास?"

"फेल नाही, एक्कावन्न..."

"तेच ते. का?"

"सांगितलं ना आत. सायन्स कठीण, इंग्लिश..."

"ते भाषणातलं झालं. खरं सांग ना यार."

पायरीवर बसून सर्वेशने कळशी उगाच गोल फिरवली. "पहिल्या आठवड्यात फिजिक्सच्या सरांनी काहीतरी विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. म्हणजे उत्तर नाही, प्रश्नच. शेजारचा पोरगा कुठल्या तरी मोठ्या शाळेतला, तो धडाधड बोलत होता. मला वाटलं, आता विचारलं तर सगळ्यांना कळणार, एक्क्याण्णववाला ढ आहे. मग मी मान हलवली. कळलं म्हणून."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी पण हलवली. एकदा हलवायला लागलो ना, की थांबवता येईना. दोन वर्षं मान हलवत होतो मी."

अक्षता हसेल असं त्याला वाटलं, कारण कट्ट्यावर त्याने सांगितलं असतं तर सगळे हसले असते. पण हे त्याने कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं. ती हसली नाही. तिने कपाळावर हात मारला.

"मग मला हे सांग ना! सायन्स घेऊ नको हा कसला सल्ला? कळलं नाही तर पहिल्या दिवशी विचार, मान हलवू नको, हा सल्ला! एवढा कामाचा माल तुझ्याकडे, आणि तू तिकडे बालपण करपवतोयस!"

हे बोलून ती कळशी घेऊन खाली नळावर निघून गेली. एकवीस वर्षांचा, अक्कल आलेला सर्वेश पायरीवर बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट द्यायला त्याला दोनदा उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीहून कमळआत्याचा फोन. "काय बोललास रे सर्वेश! राजारामने पाठवलं मला. मी निमेशला दोनदा ऐकवलं." निमेश तिचा मुलगा, नववीत. "तो बोलतो, मला आता गणितच सोडायचंय." पाठोपाठ गावाहून कोणाचा तरी अंगठा आला, मग हात जोडलेले, मग कुणा अनोळखी बाईंचा 'डोळ्यात पाणी आलं' असा मेसेज. चाळीतल्या बॅनरनंतर एवढी प्रसिद्धी सर्वेशला पहिल्यांदाच मिळत होती, आणि या खेपेलाही नेमकी नको त्या गोष्टीसाठी.

संध्याकाळी तो मेट्रोने घाटकोपरला गेला आणि थेट काकांच्या दुकानात शिरला. राजारामकाकांचं स्टेशनजवळ फोटोफ्रेमचं दुकान होतं. भिंतीभर देव, लग्नं आणि हार घातलेली माणसं. काका काच कापत होते.

"ये. चाय सांगू?"

"काका, काल मी बोललो ते खोटं होतं."

काकांनी वर बघितलं नाही. "खयचा?"

"सायन्सचं. सायन्सने माझं काही वाकडं केलं नव्हतं. मीच अभ्यास केला नाही. कळायचं नाही, आणि लाजेपायी विचारायचो नाही. घरी सांगायचो, कॉलेजचे सर नीट शिकवत नाहीत. क्लासला जातो सांगून बागेत बसायचो." एका दमात सगळं बोलून तो थांबला. आता काका हातातलं टाकतील, डोक्याला हात लावतील, आईला फोन जाईल, असं त्याला वाटत होतं.

काकांनी काचेवर शेवटची रेघ मारली, टक् करून तुकडा मोडला आणि बाजूला ठेवला.

"ता म्हायत हा," ते मालवणीत म्हणाले.

"काय?"

"सगळ्यांका म्हायत हा. तुझ्या आईशीक पण. तुझ्या चाळीतलो प्रीतम रोज तुका बागेत बघी. तुका वाटला, कोणाक कळाक नाय?"

गेली तीन वर्षं सर्वेश ज्या गुपिताच्या ओझ्याने वाकला होता, ते गुपित जोगेश्वरी ते घाटकोपर सगळ्यांना पाठ होतं. त्याला एक क्षण फार अपमान झाल्यासारखं वाटलं. निदान बोलायचं तरी कोणीतरी.

"मग तुम्ही माझं भाषण गावभर का पाठवलंत?"

काका कपड्याने हात पुसत राहिले. "तू बारावीच्या वर्षी गणपतीक गावाक इलंस," ते हळूहळू म्हणाले. "आठवता? आरतीक सगळे उभे, तू माजघरात भिंतीक टेकान बसलेलंस. कोण बोललो तरी नुसती मान हलवलंस. पयलो तू सगळ्यात मोठ्यान ओरडणारो. माका सायन्स-बियन्स काय समाजता रे? माका तो तुझो चेहरो आठवता. मी घाबारलंय. म्हटलं, माझा चेडू, अक्षता, असा गप झाला तर?"

ती आरती सर्वेशला आठवत होती. आपल्याकडे कोणी बघत असेल असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

"काका," शेवटी तो म्हणाला, "ती गप्प बसणारी नाही. काल तिने मला पायऱ्यांवर असलं झापलंय, की आईनेसुद्धा कधी झापलं नसेल. वरच्या बायका खिडक्यांतनं बघत होत्या. कळलं नाही तर ती मास्तरांना धरून विचारील. मास्तरांची काळजी करा तुम्ही."

काकांच्या मिशा जराशा हलल्या. "काय बोलला ता?"

"बोलली, बालपण करपवतोयस."

काका खो खो हसायला लागले. हार घातलेल्या एका आजोबांच्या फोटोला टेकून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "तिका सांग, भर सायन्स. पण अडला तर तू जाऊचा तिच्यावांगडा, सोबतीक."

"आणि ते रेकॉर्डिंग?"

"ता आता देवगडाच्या पलीकडे गेला. ता काय माज्या हातात नाय."

सर्वेशने परत जाताना प्रामाणिकपणे दुसरा मेसेज रेकॉर्ड केला. 'आधीचा सल्ला रद्द समजावा, चूक माझी होती, कळलं नाही तर विचारा, एवढंच.' तो कोणीही पुढे पाठवला नाही. फक्त कमळआत्याचं उत्तर आलं, की छान आहे, पण पहिल्यात जास्त भावना होती, निमेशला तोच ऐकवते.

अक्षताला घाटकोपरच्याच कॉलेजात सायन्स मिळालं. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्याअखेर सर्वेश मुद्दाम त्यांच्याकडे जेवायला गेला. अडलं तर काय करायचं याचे चार उपाय डोक्यात तयार होते. बांगड्याचं तिखलं होतं. अक्षता भाताचा डोंगर करून त्यावर रस्सा ओतत होती.

"कसं चाललंय?"

"फिजिक्सचं काहीच कळलं नाही सोमवारी," ती म्हणाली. "उभी राहिले. इंग्लिशमध्ये विचारायला गेले तर वाक्य मध्येच संपलं. सगळे हसले."

सर्वेशचा घास हातात राहिला. "मग?"

"मग काय? सर बोलले, हिंदीत बोल. हिंदीत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. मागचे दोघं तेच परत विचारायला लागले, त्यांना पण कळलं नव्हतं." ती काट्यातून मासा सोडवत होती. "काकडी दे ना जरा."

"हसले तेव्हा तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. कान गरम झाले. मग गार झाले."

सर्वेशने तिला काकडीची वाटी दिली. एवढ्याच गोष्टीला तो दोन वर्षं घाबरला होता. तिने ती एका घासात सांगून संपवली होती, आणि आता रस्सा अजून आहे का, हे बघायला ती उठून पातेल्यात डोकावत होती. त्याला तिचं कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही. तयार करून आणलेल्या चार उपायांपैकी एक तरी सांगावा म्हणून त्याने तोंड उघडलं, पण काकीने त्याच्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा वाढला आणि ती म्हणाली, "आधी जेव रे."

तो जेवला.