सूपभर कोंड्याची लेक

रुख्मिणीबाईच्या घरात शेवटचा शब्द तिचा, आणि खरं सांगायचं तर पहिलाही तिचाच. नाकावर माशी बसू देईल तर ती रुख्मिणीबाई कसली!

सून मैना. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरी पोरगी झाली तेव्हा रुख्मिणीबाईनं मैनेच्या कुशीतून तान्ही उचलली, घरामागच्या उकंड्यावर, केरकचऱ्याच्या ढिगावर नेऊन ठेवली आणि सूपभर कोंडा देऊन सुनेकडून विकत घेतली. नाव ठेवलं उकंडी. मरणाला वाटावं, हा कुणीतरी टाकलेला माल आहे, मैनेचा नव्हे. जुनी रीत. पण रीत अर्धीच पाळली तर उलटते, असं रुख्मिणीबाईचं म्हणणं. म्हणून पोरगी आजीला 'माय' म्हणे आणि जन्म देणारीला 'काकी'. लग्नाच्या मांडवात आईची आईला परत करायची. तोवर मैनेनं तोंडातून 'माही लेक' काढायचं नाही.

मैनेनं दूध पाजलं, न्हाऊ घातलं, वेण्या घातल्या. सगळं काकी होऊन.

उकंडी तिसरीत होती. अंजनगाव सुर्जीहून शाळेत डॉक्टर तपासायला आले. बाकी पोरांना नळी लावली न लावली, हिच्या छातीवर मात्र ते बराच वेळ थांबले. म्हणाले, छातीच्या ठोक्यांत वेगळाच आवाज येतो, अमरावतीला दाखवा.

"पोरगी तं चांगली तुरतुरीत हाये माही," रुख्मिणीबाई म्हणाली. "तुमच्याच नळीत काही अडकलं असन."

तरी गेल्या. मैनेचा नवरा जानराव कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्राच्या रांगेत अडकला होता. बैलही तिथंच, माणूसही तिथंच. सासू-सून दोघीच पोरीला घेऊन एसटीनं अमरावतीच्या राजापेठेत उतरल्या.

डॉक्टरीण समजूतदार होती. कागदावर हृदय काढून दाखवलं. "हृदयातून फुप्फुसाकडे रक्त जातं ना, तिथं एक झडप असते, दारासारखी. तिच्या पाकळ्या हिच्या जन्मापासूनच चिकटलेल्या आहेत. दार किलकिलंच उघडतं. त्यातून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं."

"मंग छाती फाडा लागते काय?"

"नाही, आजी. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेतात. तिच्या टोकाला फुगा असतो. दारात नेऊन तो फुगवायचा, की पाकळ्या सुटतात. नागपूरला करतात."

"फुगा? जत्रेतला?" रुख्मिणीबाई हसली. उकंडी तर तोंडावर हात धरून खुदखुदली.

"माय, मले लाल पायजे!"

डॉक्टरीणही हसली. मग म्हणाली, "नागपुरात रांग मोठी आहे. ज्या लेकरांना चक्कर येते, शुद्ध जाते, त्यांना आधी घेतात. हिची आई कोण?"

"मी."

डॉक्टरणीनं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"मीच. इकत घेतली हाये. काय इचाराचं ते मले इचारा."

"धावताना, चढावर, कधी चक्कर येऊन पडली का?"

"नाई बा. माह्या हातची भाकर खाते. पडन कशाले?"

मैनेची मान वर आली. ओठ हलले.

"तुले काही म्हणाचं हाये काय व?" सासूनं विचारलं.

मैनेनं पोरीकडे पाहिलं. पोरगी कागदावरच्या हृदयाला बोट लावून पाहत होती.

"काई नाई, आत्याबाई."

नंबर लागला उन्हाळ्यातला.

पण उन्हाळा लागायच्या आतच, फरदडीचा, दुसऱ्या बहराचा उरलासुरला कापूस वेचताना, उकंडी शेताच्या धुऱ्यावर कोसळली. मैनेनं तिला पाठुंगळी घेतलं आणि सडकेपर्यंत पळत आणलं. मागून धापा टाकत रुख्मिणीबाई. अकोल्याकडे जाणारी जीप मिळाली. मैनेच्या मांडीवर पोरीचं डोकं, रुख्मिणीबाईच्या मांडीवर पाय. अर्ध्या वाटेत ते पाय गार झाले. रुख्मिणीबाई घासत राहिली, लुगड्याच्या पदरानं, तळहातानं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली. मग विचारलं, "याआधी असं कधी झालं होतं?"

"नाई," रुख्मिणीबाई म्हणाली.

"दोनदा," मैना म्हणाली. "एकडाव विहिरीच्या चढावर. एकडाव शाळेतून येतानी. पांढरीफटक पडली होती. मीच पाणी मारून उठोलं."

रुख्मिणीबाई गर्रकन वळली. "मले काहून नाई सांगितलं व? जीभ झडली होती तुही?"

मैनेचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"सांगाले आली होती, आत्याबाई. तुमी तुरी पाखडून राहिल्या होत्या. तुमी म्हटलं, इकल्या मालाची चौकशी इकणाऱ्यानं करू नाई. मंग मी कोण सांगणारी?"

जिच्या तोंडाला गाव भीत होतं, ती वळून पोरीचे गार पाय पुन्हा घासू लागली.

जीप गावात आली तेव्हा रुख्मिणीबाईनं हंबरडा फोडला. त्या सालांत कुणाच्या घरून रडणं ऐकू आलं की लोक आधी कर्त्या माणसाला शोधत आणि मग फवारणीच्या औषधाचा डबा. माणसं जानरावच्या नावानं पळत आली. कुणीतरी ओरडलं, "जानराव दुसरी गाडी घेऊन रांगेत हाये, धड हाये!" आणि मग जीपमधून एवढंसं गाठोडं उतरलेलं त्यांना दिसलं.

अंगणात बाया गोळा झाल्या. रीतीप्रमाणे आईला धरायचं, पाणी पाजायचं. त्या रुख्मिणीबाईकडे वळल्या. तिनं त्यांचे हात झटकले. पोरगी उचलली, गुडघ्यांवर सरकत गेली आणि मैनेच्या ओटीत ठेवली.

"घे व, मैना. तुही हाये. देल्ली तुले परत."

मैनेनं पोरीला छातीशी धरलं. पाळण्यातल्यासारखी हलवू लागली. डोळ्यांत टिपूस नाही.

"रड व बाई," एक म्हातारी म्हणाली. "नाव घेऊन रड."

"कोणतं नाव घेऊ?" मैना म्हणाली. "हे तं आत्याबाईनं ठेवलं. माह्या मनात दुसरंच होतं."

इतक्या वर्षांत ते रुख्मिणीबाईनं विचारलं नव्हतं. आता विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"कोणतं व, माय?"

मैना वाकली. पोरीच्या कानाशी ओठ नेले आणि तिथंच काही बोलली. मग तिनं जो टाहो फोडला, तो गावाच्या वेशीपर्यंत गेला. रुख्मिणीबाईला नाव ऐकू आलं नव्हतं. ती हात पुढं करून बसून राहिली. पण पुन्हा विचारायला तिला तोंड उरलं नव्हतं.