दारवानाबद्दलचं मत

आईला एखाद्या गेमबद्दल मत नाही असं कधी झालं नाही. गाड्यांच्या शर्यतीबद्दल ती म्हणायची, "घाई कुणाला आहे? मी आपली सिग्नलला थांबले, तर मागचे सगळे पुढे. आणि वर शेवटचा नंबर मलाच!" बंदुकांच्या गेमबद्दल म्हणायची, "एवढी माणसं पटापट पडतात, पण एकाच्याही घरून फोन येत नाही. हे काही पटत नाही मला." वरून ठोकळे पडणाऱ्या गेमला ती कपाट लावायचा गेम म्हणे. मारामारीच्या गेममध्ये कोण जिंकतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती लढणाऱ्या बाईचा कोट बघायची. "लाथ एवढी वर जाते, म्हणजे मांडीत कापड सोडलंय. शिंपी हुशार आहे, बाई मूर्ख."

उभं आयुष्य तिने कपडे दुरुस्तीच्या दुकानात काढलं होतं. पँट आखूड करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, चेन बसवायची. मग आजार आला आणि औषधांनी तिच्या बोटांची टोकं मेली. सुई बोटात शिरल्याचं तिला रक्त दिसल्यावर समजायचं. तिने मशीन कापडाने झाकलं ते झाकलंच.

थोरली मुलगी भाषांतराचं काम करायची, म्हणजे कुठेही बसून करता येईल असं. ती सामान घेऊन आईकडे राहायला आली. धाकट्या भावाने नोकरीच्या गावी जाताना मागे टाकलेला कन्सोल तिनेच टीव्हीला जोडून दिला, रडक्या पोराच्या हाती खुळखुळा द्यावा तसा. आई एका जागी बसावी, एवढाच हेतू. स्वतः पुस्तकांत बुडालेली ही बाई गेमना फार मोजत नव्हती. पण पहिल्याच धडकेला आईच्या हातातला गेमचा रिमोट थरथरला आणि आई ओरडली, "अगं, हे कळतंय मला! तळहाताला कळतंय!"

कोपऱ्यावर जुन्या डिस्क भाड्याने देणारं दुकान होतं. गेमवाला आईचं मत मन लावून ऐकायचा आणि गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगायचा, "घ्या, काकूंनी पास केलाय." आईला याचा कोण अभिमान!

सगळ्यांत वरचा नंबर तिने किल्ल्याच्या गेमला दिला होता. त्यात एक लंगडा सैनिक एकटाच किल्ल्यात शिरतो, पण आतल्या दाराशी एक धिप्पाड पहारेकरी उभा असतो. आई त्याला दारवान म्हणायची. तो तिला रोज मारायचा. "मेले परत," ती समाधानाने सांगायची, जसं काही जेवण झालं. "पण माणूस सरळ आहे हो. माझी चूक सोडत नाही, आणि मी न केलेली चूक माझ्या माथी मारत नाही. असं गिऱ्हाईक मला एक मिळालं नाही."

वाटेत सापडणाऱ्या औषधाच्या बाटल्या मात्र ती वापरायची नाही. साठवून ठेवायची. थोरलीने विचारलं तर म्हणाली, "अडीअडचणीला असू देत. आणि बाटल्या पिऊन जिंकले तर मग बाटल्याच जिंकल्या."

एका दुपारी दवाखान्यातून आल्यावर ती खेळायला बसली. हात ऐकेनात. दारवानाने तिला उभ्या उभ्या आडवं केलं, पुन्हा केलं. त्या दिवशी ती "मेले परत" म्हणाली नाही. रिमोट खाली ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपून गेली.

थोरली त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने आवाज बंद करून रिमोट उचलला. एकदाच बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. पहिल्यांदा हरली. मग बाटल्या प्यायला लागली, एकेक करत सगळ्या, आणि दारवान कोसळला. दार उघडलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा गेम खेळ जिथवर आला असेल तिथवर आपोआप जपून ठेवतो, आणि मागे फिरायची सोय ठेवत नाही.

आई उठली. चहा घेतला, रिमोट घेतला.

"दार उघडं कसं?"

"अगं, ते..." थोरली कपात बघत म्हणाली, "खूपदा हरलं की गेम स्वतःच पुढे सोडतो कधीकधी. तशी सोय असते."

आई पडद्यावरच्या उघड्या दाराकडे बघत होती. "म्हणजे दया आली त्याला माझी," ती म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत स्वतः दुकानात गेली. थोरली मागे उभी होती. "लबाड निघाला हा," आईने डिस्क काउंटरवर टाकली. "आधी ऐट दाखवतो, मग म्हातारं माणूस बघून हात आखडतो. देऊ नकोस कुणाला."

"काकू, तुम्हीच तर डोक्यावर घेतला होता."

"माझं चुकलं. लिहून ठेव हवं तर."

गेमवाल्याने डिस्क खालच्या फळीवर सारली.

त्यानंतर थोरली नवेनवे गेम आणत राहिली. आई थोडं खेळायची. कसा आहे विचारलं की म्हणायची, "बरा आहे." सगळेच बरे होते. शर्यतीत ती सिग्नल तोडून जाऊ लागली. आईच्या बोटांतलं औषधांनी नेलं होतं ते नेलं होतं; ही मतं मात्र थोरलीने स्वतःच्या हाताने नेली होती.

शेवटी ती बोलली, आईची नखं कापताना. मान खाली घालायला ते काम सोयीचं होतं.

"आई, ते दार मी उघडलं."

"कुठलं?"

"दारवानाचं. तू झोपली होतीस."

आईने हात काढून घेतला. "आणि बाटल्या?"

"प्यायले."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"अगं, एक म्हणून फोडली नव्हती मी!" आईचा आवाज असा चढला की थोरलीला क्षणभर बरंच वाटलं. "एका कपड्याला एकच हात, हे घरात ऐकत वाढलीस तू. माझ्या दुकानात दुसऱ्याने काज घातलेलं तरी मी उसवायचे. ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग?"

"तू तोंड फिरवून झोपलीस ते बघवलं नाही मला."

"तुला बघवलं नाही," आई म्हणाली. मग वेगळ्याच काळजीने, "आणि मी त्या बिचाऱ्या गेमला काय काय बोलले! भर दुकानात अब्रू घालवली त्याची. जा, त्या पोराला खरं सांग. आणि डिस्क घेऊन ये. पहिल्यापासून खेळते."

"आई, सॉरी."

"ते नंतर." तिने दुसरा हात पुढे केला. "ही नखं राहिलीत."

थोरली दुकानात गेली. तिथे गर्दी होती. दोन बायका आणि आईचं एक जुनं गिऱ्हाईक. "आईला तो किल्ल्याचा परत हवाय," एवढंच तिच्या तोंडून निघालं. घरी आल्यावर आईने विचारलं, "सांगितलंस?" ती म्हणाली, "हो."

आई पुन्हा किल्ल्याबाहेरच्या खंदकापासून निघाली. थोरली शेजारी बसायची ती हात मांडीखाली दाबून. आईला मतंही परत फुटली. "पुलावरच्या धनुष्यवाल्याचा नेम चांगला आहे, पण बंडी उसनी दिसते. खांद्यात बघ कशी लोंबते." आधी ती दुपारभर खेळायची, मग तासभर, मग पुलाच्या अलीकडेच दमायची. रिमोटची थरथर तळहाताला लागते की नाही, हे थोरलीने विचारलं नाही. पुढे दवाखान्यात भरती केलं, आणि तिथून आई आली नाही.

सगळं आटोपल्यावर धाकटा परत गेला. थोरली डिस्क घेऊन दुकानात गेली.

"काकू गेल्याचं कळलं, ताई." गेमवाल्याने डिस्क हातात घेऊन उलटसुलट केली. "त्यांनी नापास केलेला हा एकच. तेव्हापासून तुमच्याशिवाय कुणाला दिला नाही बघा. शब्द म्हणजे शब्द."

म्हणजे आई गेली तेव्हा या पंचक्रोशीत तिचं एक मत चुकीचं फिरत होतं, आणि दुरुस्त झालं असं समजून ती गेली होती.

"गेम लबाड नाही," थोरली म्हणाली. "दार मी उघडलं होतं, तिच्या नकळत. तिने तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

दुकानात एक माणूस डिस्क चाळत होता, तो थांबला.

"मग पुन्हा खेळल्या ना? हरवला का त्याला शेवटी?" गेमवाल्याने आशेने विचारलं. त्याला हो ऐकायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. तिलाही.

"नाही. त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. पुलाच्या अलीकडे राहिली."

"पहिल्यापासून खेळावं लागलं म्हणून?"

"हो. म्हणून."

गेमवाल्याने डिस्क काउंटरवर ठेवली. "तुम्ही मुद्दाम थोडंच" वगैरे म्हणाला असता तर तिला ते नको होतं, आणि तो म्हणाला नाही तेही मनाला लागलं. चाळणाऱ्या माणसाने हात पुढे करून विचारलं, "अवघड आहे का हा?"

"फार," थोरली म्हणाली. "पण तुम्ही न केलेली चूक तुमच्या माथी मारणार नाही."

माणूस डिस्क घेऊन गेला.