नमुन्यावर नसलेली गाठ

मी एक जुना नमुना आहे. जमिनीवर घालतात त्या व्हिनाइलच्या फळीचा वीतभर तुकडा. दिसायला लाकूड, आतून प्लास्टिक आणि दगडाची भुकटी. हे सोंग मी कधी लपवलं नाही. पाणी लागलं की खरं लाकूड फुगून बसतं आणि मी आहे तसाच राहतो, एवढी एक शेखी माझ्याकडे आहे आणि ती मी मनसोक्त मिरवतो.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. आधी माझी पाठ लाटली, तिच्यावर लाकडाचं छापील चित्र चिकटवलं, वर पारदर्शक कातडं चढवलं आणि रुळाखालून काढून मला जरासं खरखरीत केलं. माझ्या सोबतच्या लांबलचक फळ्या खोक्यांत बसून घरोघरी गेल्या. मला मात्र कापलं, कोपऱ्यात भोक पाडलं आणि एका दुकानाच्या भिंतीवर टांगलं. तिथे मी सहा वर्षं लटकलो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला नखाने खरवडायचं, कुणी किल्लीने ओरखडे काढायचं. एका गृहस्थांनी मला चावून पाहिलं. त्यांना काय समजलं ते देव जाणे. सगळे म्हणायचे, "छान आहे हो," आणि शेजारचा चकचकीत पांढरा नमुना पसंत करून जायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी एक नवरा-बायको आले. नवऱ्याच्या आईचा पाय बाथरूममधल्या गुळगुळीत फरशीवरून घसरला होता. कंबर वाचली होती, पण धीर गेला होता. ही आई साधीसुधी बाई नव्हे. तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. आळीतले लहानथोर तिला मोठ्या सिस्टर म्हणत. शेकडो आजाऱ्यांना तिने न्हाऊमाखू घातलं होतं, आणि आता तिच्या स्वतःच्या अंघोळीला दार उघडं ठेवून सून बाहेर स्टूल टाकून बसत होती. सून बिचारी तोंड फिरवून बसायची. तरी सिस्टर एकदा तिला म्हणाल्या, "कंबरेचं दुखणं मी सोसेन गं. पण दार उघडं ठेवून अंघोळ, हे नाही सोसवत." हे सगळं सुनेनेच दुकानात सांगितलं. म्हणून नवी जमीन हवी होती. सिस्टरना आतून कडी लावता यावी, इतकंच सुनेचं मागणं होतं.

नवऱ्याने बूट घालूनच पांढऱ्या नमुन्यावर पाय दाबून पाहिला आणि म्हणाला, "हाच घेऊ. उजेड पडतो यावर."

"आई बूट घालून अंघोळीला जातात का?" सुनेने विचारलं. तिने आम्हा पाच नमुन्यांना पिशवीत घालून घरी नेलं, बाथरूमच्या जमिनीवर मांडलं आणि साबणाचं पाणी ओतलं. मग भिंतीला हात लावून ती एकेकावर अनवाणी, एका पायावर उभी राहिली. मी आजवर लोकांची नखं सोसली होती. पूर्ण भार टाकून माझ्यावर कुणी उभं राहिलं नव्हतं. पांढरा सटकला. बाकीचे तिघेही डळमळले. मी तिचा पाय घट्ट धरला. तिने मला पुसून सिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "बरा आहे. हाताला लागतो." सहा वर्षांत अशी दाद मिळाली नव्हती.

मग मिस्त्री आला. पन्नाशीचा, गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेला, मोजकं बोलणारा. मला बाथरूमसमोरच्या बोळातल्या खिडकीच्या कठड्यावर ठेवलं होतं, त्यामुळे त्याचं सगळं काम मला दिसलं. जुन्या फरशीच्या सांध्यांमधल्या भेगा भरून त्याने जमीन सपाट केली. ती पुरती वाळेपर्यंत फळीला हात लावला नाही. मग खाचेत खाच बसवत तो पुढे सरकला. पाइपाभोवती त्याने कापलेली गोलाई तर अशी, की पाइपच फळीतून उगवला असं वाटावं. मी त्याचे हात बघत राहिलो.

जमीन देखणी झाली. आणि सिस्टर उंबऱ्यावर येऊन थांबल्या.

"उद्या बघू," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सर्दीचं निमित्त झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीतच अंग पुसून घेतलं. मुलगा वैतागला. "आई, आता आणखी काय करायचं आम्ही? तुझा हट्टच असेल तर तसं सांग." सुनेने स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवली.

चौथ्या दिवशी मिस्त्री भिंतीकडेच्या फटी भरायला आला. सिस्टरना पुन्हा उंबऱ्यावर येऊन परत फिरताना त्याने पाहिलं. त्या उभ्या होत्या तिथेच तो जाऊन बसला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"मावशी, जरा इकडे या. तिथे मधोमध काय दिसतंय तुम्हाला?"

सिस्टर हळूच म्हणाल्या, "पाणी. जागोजागी पाणी साचलंय. बाकीच्यांना कसं दिसत नाही, कळत नाही."

मित्रांनो, ते पाणी नव्हतं. बऱ्याच लांब फळ्यांवर हातहातभर अंतराने लाकडाची काळसर गाठ छापलेली असते. चष्मा काढलेल्या मंद नजरेला दिव्याखाली ती ओल्या डागासारखी दिसते. मला दोन गाठींच्या मधून कापलं होतं. माझ्या अंगावर एकही गाठ नव्हती, आणि सगळ्या घराने मलाच बघून फळ्या मागवल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग सांगितलंत का नाही, आई?" सून म्हणाली.

"आयुष्यभर पेशंटना सांगत आले, दिसत नसेल तर बोला. स्वतःवर आलं तर तोंड उघडेना."

मिस्त्री उठला. "काढतो."

"सगळी?" मुलाने विचारलं.

"चिकटवलेली नाही. खाचेत बसली तशी उठेल."

त्याने जमीन खरोखर उचलली. एकेक फळी बोळातल्या दिव्याखाली ठेवली आणि सिस्टरना खुर्चीवर बसवून म्हणाला, "चष्मा काढा. अंघोळीला घालत नाही ना?" मग एकेक फळी दाखवत गेला. सिस्टर सांगत गेल्या. ही पाणी, ही फळी. ही पाणी. गाठीच्या फळ्या त्याने बेसिनखाली आणि भिंतीच्या कडेला घातल्या. दारापासून शॉवरपर्यंतच्या वाटेला स्वच्छ फळ्या कमी पडल्या, तेव्हा मधल्या गाठी कापून टाकून तुकडे जोडले आणि सांधे एका ओळीत येऊ दिले नाहीत. पूर्ण दिवस गेला. आपली चूक नसताना आपलं चांगलं काम स्वतःच्या हाताने उपसून काढणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याचं कौतुक करताना मला अजून शब्द पुरत नाहीत.

दुसऱ्या सकाळी सिस्टरनी चष्मा सुनेच्या हातात दिला आणि आत पाऊल टाकलं. मग दुसरं टाकलं. शॉवरपर्यंत जाऊन त्या वळल्या, परत दाराशी आल्या. सून स्टूल घेऊन उभीच होती.

"तू काय करतेस इथे? जा, चहा घे जा," म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून कडी घातली. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. सून स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. दार मात्र कुणी वाजवलं नाही.

हिशेब घ्यायला आला, तेव्हा मिस्त्रीने मला मागून घेतलं. आता मी त्याच्या पिशवीत असतो. कडा झिजल्या आहेत, रंग उतरला आहे. नव्या घरी तो मला पुढे करतो आणि सांगतो, "हा खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. खोकं उघडून पूर्ण फळ्या बघा." माझी तक्रार नाही. खरंच आहे ते.

माझं मागणं एवढंच आहे, मित्रांनो. मला निवडताना नखाने खरवडा, हवं तर चावून बघा. पण घरातलं कुणी उंबऱ्यावर थबकलं, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याला काय दिसतंय ते विचारा.