ताईनगरची पाटी

“पेन्सिलीला जरा टोक कर ताई, तेवढ्यानं माझं काम होतंय.”

धाकटा भाऊ टेबलावर दोन्ही हात टेकून, नकाशात नाक खुपसून उभा होता. प्रादेशिक नियोजनाच्या त्या कार्यालयात ताई आरेखक होती. शहराची वाढ जिथे थांबायची, ती हद्दीची रेघ ओढणं तिचं काम. रेघेच्या अलीकडे घरं, बाजार, बसचे रस्ते. पलीकडे शेतं, ती शेतंच राहायची. अडचण एवढीच, की रेघेलाही जाडी असते, आणि कागदावरच्या तेवढ्याशा जाडीखाली अख्खं शेत झाकलं जातं. या खेपेला झाकलं गेलं होतं भावाचं, ओढ्याकाठचं.

रेघेखालचं कुठल्या बाजूला धरायचं, हे तिथे रीतीनं आरेखकावर सोडलेलं. साहेबही सकाळी म्हणाले होते, “तुमचा हात, ताई. मी मध्ये पडत नाही.” मध्ये न पडण्यातच साहेबांची सगळी नोकरी सरली होती, त्यावर मिळालेल्या बढत्याही रास्तच म्हणायच्या.

भावाचं गणित उत्तरापासून सुरू व्हायचं. नकाशा पक्का होण्याआधीच त्यानं शेतात चुन्यानं प्लॉट आखले होते आणि बांधावर लोखंडी पाटी ठोकली होती, ‘ताईनगर’. कोपऱ्यातला प्लॉट ताईचा. जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेल्या बहिणीला निवृत्तीनंतर स्वतःचं घर. यात लबाडी होती तशी मायाही होती. भावाकडे या दोन्ही एकाच खिशात असत.

“विचारायचं तरी होतंस,” ताई म्हणाली.

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणून आधी नावच देऊन टाकलं.”

“आणि पाणी? शाळा? बस?”

“लोक आले की येतं सगळं मागोमाग.”

“येतं ना! आधी टँकर, मग खड्डे, मग मोर्चा. स्टेशनजवळ एवढी जागा ठेवलीय घरांना. वाढ अडवतंय कोण? वळवतोय फक्त.”

“सगळ्या शहराची काळजी तुला. स्वतःच्या अंगणाचं काय?”

हे वर्मी लागलं. अंगण तिनं मनात कधीच बांधून ठेवलं होतं. बसायला एक पायरी, आणि कपडे वाळत घातले की खालच्या मजल्यावरून ‘पाणी गळतंय हो!’ अशी हाक नाही.

तिनं शार्पनर उचलला. भाऊ खुलला. “शेवटी बहीण ती बहीणच!”

टोक सुईसारखं झालं. ताईनं जाड रेघ खोडली, फुंकर मारून चुरा उडवला. जाड रेघ ओढ्याच्या आसपास कशीही चालून जाते; बारीक रेघेला नेमका काठ धरावा लागतो. ताईनं ओढ्याचा शहराकडचा काठ धरला.

“झालं. आता तुझं शेत रेघेखाली नाही.”

“मग कुठे?”

“ओढ्यापलीकडे आहे, तसंच रेघेपलीकडे. आता वादाला जागाच नाही.”

जाडीत मायेपुरती एक फट होती. ती तिनं स्वतःच बुजवली होती. भाऊ रेघेकडे बघत राहिला, मग निघून गेला.

त्यानंतर कित्येक महिने त्याचा फोन नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ताईच शेतावर गेली. भाऊ पिकाला पाणी धरत होता. पाण्याच्या पाटावर पलीकडे जायला लोखंडी पत्रा आडवा टाकलेला. ‘ताईनगर’ आभाळाकडे तोंड करून. ती थबकली.

“ये बिनधास्त,” फावड्यावरून नजर न उचलता तो म्हणाला. “तुझंच नाव आहे. लोखंड चांगलं होतं, वाया कशाला घालवायचं?”

तिनं चपला हातात घेतल्या आणि अक्षरं चुकवत पलीकडे गेली. कोपऱ्यात, चुना मारला होता तिथे, कोबी लागला होता. भावानं विळ्यानं एक गड्डा कापला, माती झटकली आणि पुढे केला.

“घे. तुझ्या प्लॉटचा.”

परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती. तरी ताईनं तो गड्डा मांडीवरच ठेवला.