माणिकप्पाचं सरबत

लातूरच्या गंजबाजारात माणिकप्पाचं करडईच्या तेलाचं दुकान होतं, पण गडी मनापासून रमायचा तो सरबत करण्यात. बायको गौरम्मा हिला तीन वर्षांपासून ओटीपोटात कळ अन् लघवीला जळजळ. तासाला चारदा परसात पळायचं. मग काय, रोज दोन्ही वेळा हा स्वतः लिंबं पिळून तांब्याभर सरबत करायचा. जळजळ उष्णतेची, लिंबू थंड. बायकोवर लई जीव होता बिचाऱ्याचा.

अशात उदगीरहून लेकीचा, शिवकांताचा, निरोप आला. पंधरा दिवसांनी बाळाचा पाळणा. पहिला नातू! पण निजामाच्या मोटारीत तीन तास बसायचं, अन् डरायवर असा खाष्ट की वाटेत देवासाठीबी थांबायचा नाही. गौरम्मानं डोळ्यांना पदर लावला. "तुमीच जावा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

दवाखान्यातल्या हकीमसाहेबांनी तिची मिरची, चिंच, चहा सगळं बंद केलं होतं. ज्वारीच्या कण्या, दूध, दुधीची फिक्की भाजी. तिनं मुकाट खाल्लं. जळजळ थोडी उतरली, पण जाईना. सरबताचं हकीमसाहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते खाणं थोडंच, ते तर औषध!

तेवढ्यात माणिकप्पाला करडई घ्यायला चार दिवस नांदेडला जावं लागलं. परत येतो तर गौरम्मा ओट्यावर पाय पसरून शेजारच्या साखराबाईशी खिदळत बसलेली. दुपारपासून एकदाही उठली नव्हती.

"बगा की, मालक गेले अन् दुखणंबी गेलं!" साखराबाईनं टोमणा हाणला.

माणिकप्पाच्या जिवाला लागलं. म्हणजे दुखणं मीच की काय? तरी सकाळी त्यानं मायेनं तांब्या भरून दिला. दुपारी गौरम्मा पोट धरून आडवी.

"मी नव्हतो तवा सरबत कोण करत होतं?"

"कोण करणार? तुमच्या हाताबिगर मला गोड लागतंय व्हय?"

माणिकप्पाच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे जळजळ या लिंबाचीच! तीन वर्षं, आपल्याच हातानं! शिवा शिवा! त्याला रडू आलं अन् हसूही आलं. त्यानं लगेच घरातली सगळी लिंबं साखराबाईच्या पदरात ओतली.

पाळण्याच्या दिवशी गौरम्मा मोटारीत खिडकीशी बसली, ती थेट उदगीरलाच उतरली. माणिकप्पाचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

तिथं तिचं दुखणं साऱ्यांना ठाऊक. आधी लेक लिंबाचं सरबत घेऊन आली, मग विहीणबाई, मग लेकीच्या जावा. "घ्या, थंड हाय!" विहीणबाईंना नाही कसं म्हणायचं? माणिकप्पानं झडप घालून एकेक पेला स्वतःच रिचवला. चांगले सात पेले! गौरम्मा नातवाला मांडीवर घेऊन सगळी गाणी संपेपर्यंत बसून राहिली.

सांजच्या मोटारीनं परतताना दोन कोसांवरच माणिकप्पा चुळबुळायला लागला. घाम फुटला.

गौरम्मा पुढं वाकून गरजली, "ओ डरायवरदादा, थांबवा! आमच्या मालकांना उतरायचंय!"

त्या आवाजानं खाष्ट डरायवरबी दचकला अन् मोटार थांबली. माणिकप्पा धोतर सावरत झुडपांकडं पळाला, अन् गौरम्मा खिडकीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहिली. जागची मात्र हलली नाही.