सगळ्यांचं पेव

"सारी जवारी सडी गई व्हई, वहिनी," पेवावरची फरशी सरकताच हिंमतराव नाकाला उपरणं लावत म्हणाले.

वास होताच तसा. कोंदट, आंबूस. तापीबाईनं पदर खोचला आणि फरशी पुरती बाजूला केली.

जमिनीच्या पोटातलं हे कोठार तिच्या नवऱ्यानं, दोधूनं खणलं होतं. सगळ्या कोरीट गावानं पिकलेल्यातलं टोपलंभर एकत्र ठेवावं, हे त्याचं वेड. तो गेला, आणि दारोदार फिरून पेव भरलं ते तापीबाईनं. हिंमतरावांनी दाणा दिला नाही. "मन्ही जवारी वाहरूनी जवारीमा मिसळू काय?" असं गावातल्या सगळ्यात गरीब वाहरूचं नाव घेऊन म्हणाले आणि भाव चढताच सगळी नंदुरबारला विकून मोकळे झाले. त्याच साली, जर्मनीची लढाई संपत आली तेव्हा, पावसानं दगा दिला. आता घराघरातली मडकी रिकामी. पेव सडलं असेल तर गाव पोटासाठी उठून जाणार, एवढं सरळ.

आत सोडलेला दिवा विझला; आतली हवा अजून जीवघेणी होती. तोंड उघडं ठेवून सगळे दुपारपर्यंत थांबले. दुसरा दिवा तेवत राहिला, तशी तापीबाईनं कमरेला दोर बांधला. ज्याला खायचं त्यानं दोराला हात लावायचा, हा दोधूचा नेम. हिंमतराव दूरच उभे होते.

"भाऊ, दोर धरा."

"मन्हा दाणा नही त्यामा."

"पोट शे ना? मंग धरा."

ते आले, वाहरूच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी दोर धरला.

वरचा थर काळा पडला होता. तापीबाईनं तो बाजूला सारला, कोपरापर्यंत हात खुपसला आणि एक दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला. ती तिथंच रडली, मग मोठ्यांदा हसली.

"टोपलं सोडा रे! सोनं शे, सोनं!"

त्या साली कोरीटमधलं एकही घर उठलं नाही. हिंमतरावांनाही वाहरूएवढंच माप मिळालं.

पुढल्या सुगीला पेव पुन्हा भरायचं होतं. तापीबाई झाडायला उतरली. तळाशी, भिंतीच्या लिंपणात दोधूच्या पंजाचा ठसा उमटलेला होता. आधीचा कडबा त्यानंच लावलेला, म्हणून एवढ्या वर्षांत तो तिला पहिल्यांदाच दिसला. दाण्याला ओल लागू नये म्हणून तिनं सगळीकडे नवा कडबा लावला. तेवढी जागा शेवटी राहिली.

वरून हिंमतरावांचा आवाज आला. पहिलं टोपलं त्यांच्याच डोक्यावर होतं. "वहिनी, भरू का?"

तिनं आपला पंजा त्या पंजावर ठेवला. मग त्यावरही कडबा लावला.

"पहिले माले वर काढा," ती म्हणाली, "मंग भरा."