या, बसा

ताईचा कॉम्प्युटर या घरात आल्यापासून मुका झाला होता. तसा तो ठणठणीत होता. बटण दाबलं की घसा खाकरल्यासारखा आवाज करून सुरू व्हायचा आणि दिवसभर न कुरकुरता काम करायचा. पण घरातली बाकीची यंत्रं त्याला विचारत नव्हती. धाकट्या भावाकडे आणि भावजयीकडे पातळ, रुपेरी लॅपटॉप होते, भाचीकडे टॅब होता. ती तिन्ही एकमेकांना बघताक्षणी ओळखायची. भावाच्या खोलीतला प्रिंटरही त्या तिघांच्या नुसत्या इशाऱ्यावर कागद काढायचा. ताईच्या पडद्यावर मात्र एकच वाक्य उमटायचं: प्रिंटर सापडला नाही.

"तुझ्या मशीनची जातच वेगळी, ताई," भाऊ म्हणायचा. "आमची तिन्ही एका घराण्यातली. तुझं हे डबडं त्यांच्यात कसं मिसळणार?"

ताईला हे पटायचं. डबडं म्हटलेलं आवडायचं नाही, पण पटायचं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यासाठी ती घरून अक्षरजुळणी करायची. छापखान्याचे जुने टाइप फक्त याच कॉम्प्युटरवर नीट उमटायचे, म्हणून तो बदलायची सोय नव्हती. आणि पान तपासायचं तर कागदावरच. पडद्यावर वेलांटीची चूक डोळ्यांदेखत लपून बसते, कागदावर आली की लगेच डोळ्यांत खुपते. त्यामुळे दर पानामागे ताईची वरात निघायची. पान पेनड्राइव्हवर घ्यायचं, भावाच्या खोलीच्या दारावर टकटक करायची आणि "येऊ का रे आत?" म्हणायचं. भावजय घरून काम करत असली की बहुतेक वेळा मीटिंगमध्ये असायची. ती कानातले इयरफोन न काढता बोट वर करायची, म्हणजे थांबा. मग ताई पेनड्राइव्ह मुठीत धरून दाराशी उभी राहायची. ज्या भावाला तिने बोट धरून शाळेत नेलं, त्याच्या दाराशी.

तशी ती आपण होऊन इथे आली नव्हती. भावजयीची नोकरी बदलली, भाची शाळेतून रिकाम्या घरात येऊ लागली, तेव्हा भाऊच तिच्या खोलीवर येऊन बसला. "एकटी काय करतेस इथे? हे घर तुझंच आहे," असं तीनतीनदा म्हणाला. ताई हुरळली. का हुरळू नये? उभ्या जन्मात कुणी तिला एवढा आग्रह केला नव्हता.

पहिल्याच दिवशी त्याने तिचं मशीन मागच्या खोलीत मांडून दिलं आणि नेट जोडून दिलं. वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलेला, तो स्वतः टाइप करून दाखवला. 'याबसा', इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. ताईला हसू फुटलं. लहानपणी दोघं घर-घर खेळायची तेव्हा हा दारात उभा राहून कोण येईल त्याला "या, बसा" म्हणायचा. ते याच्या लक्षात आहे आणि आपण येणार म्हणून यानं तेच ठेवलं, या विचाराने तिला भरून आलं होतं. ती डोळे पुसायला उगाच मोरीत जाऊन आली.

त्या आठवणीच्या जोरावर ती प्रिंटरच्या मागे हात धुऊन लागली. हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. वेगवेगळ्या जातीची मशीनं एका घरात कशी नांदवायची, यावर मिळेल ते वाचलं. प्रिंटरचं सॉफ्टवेअर शोधून घातलं, फोल्डर सगळ्यांसाठी उघडे केले, बंद असलेली बटणं चालू केली. वाचलेलं सगळं सांगत होतं की जात आड येत नाही. एका नेटवर असली की सगळी मशीनं एकमेकांशी बोलतात. हिचं बोलत नव्हतं. म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं तिने ठरवून टाकलं. चूक आधी स्वतःत शोधायची, ही तिच्या धंद्याची सवय.

राउटरशेजारी एक काळा डबाही होता. घरचे सगळे फोटो त्यात ठेवलेले. आईबाबांचे जुने फोटो ताईनेच एकेक करून स्कॅन केले होते आणि पेनड्राइव्हवर भावाला दिले होते. ते आता भावजयीच्या लॅपटॉपवर दिसायचे, बैठकीच्या टीव्हीवर दिसायचे. ताईच्या मशीनला तो डबाही दिसत नव्हता.

अशातच जुन्या घरमालकिणीचा फोन आला. तिने ताईची खोली अजून राखून ठेवली होती. "येणार आहेस का परत? नसशील तर देऊन टाकते. विचारणारे पुष्कळ आहेत." ताईने जेवताना विषय काढला. भाऊ म्हणाला, "सोड गं ती खोली. किती दिवस एक पाय तिकडे ठेवणार?" भावजय ताटात बघत काहीतरी पुटपुटली. ताईने ते "हो ना" असं ऐकलं. माणूस आपल्याला हवं ते ऐकतो. दुसऱ्या दिवशी तिने खोली सोडली, आणि घरमालकिणीने त्याच आठवड्यात ती एका नर्सला दिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाचीची मैत्रीण शाळेचा प्रकल्प करायला घरी आली. भाचीला घरात सगळे बब्बड म्हणत. भाऊ-भावजय कामावर गेली होती. ताई पलीकडच्या टेबलावर काना-मात्रा तपासत होती. मैत्रिणीने बॅगेतून लॅपटॉप काढला. पातळ, रुपेरी, हुबेहूब भावाच्यासारखा.

"पासवर्ड काय गं तुमचा?"

"याबसा. सगळं जोडून."

ताईने मान वर केली. मैत्रीण खुदकन हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "प्रिंटर दिसत नाहीये."

"नाहीच दिसणार," बब्बड म्हणाली. "तू याबसावर आहेस ना. ते पाहुण्यांचं नेट आहे. घरचं वेगळं असतं. बाहेरच्यांना आमचा प्रिंटर, फोटो, काहीच दिसायला नको म्हणून मम्मीने बाबांना तसं करायला लावलं. थांब, मी माझ्यावरून काढून देते."

ताईच्या हातातली पेन्सिल कागदावर तशीच टेकून राहिली. भावाच्याच जातीचं, नवंकोरं मशीन, आणि त्यालाही प्रिंटर दिसत नव्हता. म्हणजे डबड्याचा दोष नव्हता. जातीचा नव्हता. तिचाही नव्हता. तिला बाहेर ठेवलं होतं, तेही पहिल्या दिवसापासून, हसत हसत, आणि तिने त्याच दिवशी मोरीत जाऊन आनंदाचे अश्रू गाळले होते. आपल्या मूर्खपणाची तिला इतकी चीड आली की कानशिलं तापली.

बब्बडला ती काही बोलली नाही. पोरीचा काय दोष? रात्री ताटं वाढून झाल्यावर तिने सरळ विचारलं, "मी पाहुण्यांच्या नेटवर आहे का रे?"

भावाचा घास हातातच राहिला. "अगं, ते टेक्निकल आहे. सेफ्टीसाठी करावं लागतं."

"मला टेक्निकल कळतं. इतके दिवस तेच वाचतेय. माझ्या मशीनच्या जातीचं काय झालं?"

भाऊ बायकोकडे बघू लागला. अडचणीत आला की कुणाकडे तरी बघायचं, ही त्याची जुनी खोड. पूर्वी तो ताईकडे बघायचा.

"माझं ऑफिसचं काम असतं, ताई," भावजय म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, समजुतीनेच बोलली. "शिवाय तुम्ही आलात तेव्हा किती दिवस राहणार, ते कुठे ठरलं होतं?"

"आणि आता?"

बब्बडने पाणी मागितलं. पाणी ताईनेच दिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ राउटरशी बराच वेळ खुडबुड करत बसला. मग मोठ्या उत्साहाने हाक मारली, "ताई, बघ गं!" ताईने नेटची यादी उघडली. याबसा हे नाव नाहीसं झालं होतं. त्या जागी 'ताई' असं नाव होतं.

"खास तुझ्या नावाचं नेट! या घरात आमच्या नावाचं आहे का एक तरी? पासवर्ड तोच ठेवलाय, तुझ्या सवयीचा. आता तरी हस."

ताईने पान उघडून छापायची आज्ञा दिली. प्रिंटर सापडला नाही. भाऊ तोवर बूट घालत होता. तिने त्याला हाक मारली नाही. उंबऱ्याबाहेरची जागा तीच होती, फक्त तिथे आता ताईच्या नावाची पाटी लागली होती.

आठवड्याने कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीवाला आला. हत्यारांची पेटी उघडून त्याने यंत्राची पाठ सोडवली, आत डोकावला आणि म्हणाला, "मोबाइलवर याच्या वायरिंगचा नकाशा बघावा लागेल. रेंज नाही इथे. वायफाय मिळेल का?"

आतल्या खोलीतून भावजयीचा आवाज आला, "ताईवर घ्या त्यांना!" आणि दार लागलं.

दुरुस्तीवाला गोंधळून ताईकडे बघत राहिला.

"नाव आहे ते नेटचं," ताई म्हणाली. "यादीत असेल बघा."

"हां, आहे. पासवर्ड?"

"या, बसा."

"नको नको, उभाच बरा आहे," तो संकोचून म्हणाला.

ताईला हसू आलं नाही. तिने एकेक अक्षर सांगितलं, त्याने टाइप केलं, नेट लागलं. तो यंत्राच्या पोटात हात घालून काम करू लागला. ती बाजूला उभी राहून बघत होती. मग आतल्या बंद दाराकडे एकदा पाहून तिने विचारलं, "तुम्ही इतक्या घरांत जाता. कुणाकडे भाड्याने द्यायची एखादी खोली असेल, तर सांगाल का मला?"

"सांगतो की. किती माणसं आहेत?"

"एक माणूस," ताई म्हणाली, "आणि एक जुनं मशीन."